जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देऊ नकोस

अरे, तुझा लांबलचक मेसेज वाचला, दोनदा वाचला कारण मधे मधे कुठल्या नोटिशीबद्दल लिहितोयस तेच कळेना. फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान बंद केलंस, गाळ्याची चावी परत दिलीस आणि आता बँक, फायनान्स कंपनी, मटेरियलवाला व्यापारी, पतसंस्था आणि तुझा तो मित्र असे पाच जण मागे लागलेत. वर विचारतोयस की काका, बेलीफ आला तर आईसमोर फ्रिज-टीव्ही उचलून नेईल का. हा प्रश्न बरोब्बर माणसाला विचारलास, कारण माझी उभी नोकरी दिवाणी कोर्टात बेलीफ म्हणूनच गेली, कोर्टाच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे वॉरंट वाटणाऱ्या आमच्या वरच्या अधिकाऱ्याने, वॉरंट हातात दिलं की निघायचं, दार वाजवायचं, बहुतेक ठिकाणी शिव्या खायच्या आणि क्वचित कुठेतरी चहा मिळायचा.

आधी एक गैरसमज काढून टाक. परवा जो दारात उभा राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलला तो बेलीफ नव्हता. तो वसुली एजंट. बेलीफ कोर्टाचा माणूस असतो, त्याच्या हातात केस नंबर आणि कोर्टाचा शिक्का असलेला कागद असतो आणि तो जप्तीला येण्याआधी दावा, समन्स, निकाल, डिक्री म्हणजे किती द्यायचे याचा कोर्टाचा हुकूम, मग डिक्रीच्या अंमलबजावणीची दरखास्त एवढी सगळी गाडी पुढे सरकावी लागते. तू लिहिलंयस त्यावरून तुझ्यावर अजून दावाच लागलेला नाही, म्हणजे आज उद्या कोर्टाचा कुणी जप्तीला येत नाहीये, तेवढं आईला सांगून टाक. एजंटला तुझ्या घरातली साधी खुर्चीसुद्धा उचलायचा अधिकार नाही. त्याच्याकडे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र पाहिजे, ते मागायचं, फोटो काढून ठेवायचा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना फोन करून बदनामी हे काही चालत नाही, रिझर्व्ह बँकेनेच तसं बजावलंय. तसं झालं तर आधी त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळव आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार कर, फी नाही. पोलीस आणतो म्हणाला ना तो? हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, पोलीस हप्ते गोळा करत नाहीत.

आता मुद्दा. इतकी वर्षं मी जी घरं बघितली त्यातल्या बऱ्याच घरात एकच गोष्ट झालेली असायची, माणसाने असेल नसेल तो पैसा ओरडणाऱ्याला देऊन टाकलेला असायचा. रोज फोन करणारा, दारात तमाशा करणारा, त्याचं तोंड बंद करायला बायकोची अंगठी मोडून वीस हजार दिले आणि जो शांतपणे रजिस्टर पोस्टाने पत्रं पाठवत होता त्याची पाकिटं टीव्हीमागे न फोडता पडलेली. मग एक दिवस मी जायचो, त्या न फोडलेल्या पाकिटाचा शेवट घेऊन. खरी ताकद असलेला सहसा आवाज करत नाही. म्हणून कोण किती छळतोय हे बाजूला ठेव आणि प्रत्येकजण कायद्याने तुझं काय करू शकतो ते बघ, त्या क्रमाने लाग.

तुझ्या यादीत सगळ्यात वर मटेरियलवाला आहे, तुला तो सगळ्यात गरीब वाटतोय तरी. कारण त्याच्याकडे तुझा चेक आहे आणि तो बाउन्स झालाय. चेकचं प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ मध्ये जातं, ते फौजदारी, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत त्याने तुला लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तू पैसे भरायचे, नाही भरलेस तर पुढच्या एका महिन्यात तो कोर्टात तक्रार करू शकतो. म्हणजे पहिल्या १५ दिवसांत मिटवलं तर केसच उभी राहत नाही. नंतरही तडजोड करता येते पण मग तारखा, वकील, जामीन आणि सुरुवातीलाच २० टक्क्यांपर्यंत रक्कम भरायचा अंतरिम आदेशही होऊ शकतो. सिक्युरिटी म्हणून कोरा चेक दिला होता हे सांगून सुटता येईल असं समजू नकोस, कोर्टात ते सिद्ध करायचं ओझं तुझ्यावरच येतं.

त्यानंतर पतसंस्था. आपल्याकडे लोक पतसंस्थेला घरचीच समजतात, सचिव ओळखीचा असतो, बघू पुढच्या महिन्यात म्हणतो. पण सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली त्यांना सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो, दिवाणी दावा लावायची गरजच नाही, आणि तो दाखला घेऊन वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. शिवाय तुझे मामा जामीनदार आहेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी तुझ्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं त्यांना म्हणता येत नाही. मामांना हे दुसऱ्याकडून कळायच्या आत तू जाऊन सांग, फोनवर नको.

बँकेचं कर्ज मशीनवर आहे. मशीन बँकेकडे तारण आहे, ते तू परस्पर विकायचं नाही म्हणजे नाही, गिऱ्हाईक कितीही चांगलं आलं तरी, कारण तिथे दिवाणी मामल्याचा फौजदारी होतो. गिऱ्हाईक असेल तर त्याची ऑफर लेखी घेऊन बँकेत जा, परवानगी माग, पैसे थेट कर्जखात्यात जाऊ देत. बँकेने ओढून नेऊन लिलावात काढलं तर भंगाराचा भाव येतो आणि उरलेली बाकी तुझ्याच डोक्यावर राहते. घर तारण दिलेलं दिसत नाही तुझ्या मेसेजवरून. असेल तर ताबडतोब सांग, कारण तिथे सरफेसी, म्हणजे तारण थेट ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा, लागू शकतो, बँक ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात न जाता ताब्याची कारवाई सुरू करू शकते आणि त्याविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायला तुला ४५ दिवसच असतात.

फायनान्स कंपनीचं कर्ज विनातारण आहे, म्हणजे जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्याच्या हातात आज सगळ्यात कमी आहे. फक्त आर्बिट्रेशनची, म्हणजे कोर्टाऐवजी लवादापुढे निकाल लावायची, नोटीस आली, ईमेलवर आली, व्हॉट्सअॅपवर आली, तर फालतू म्हणून उडवू नकोस. आर्बिट्रेटरचा निवाडा डिक्रीसारखाच अंमलात येतो. उत्तर द्यायचं, नेमणुकीला हरकत असेल तर तिथेच लेखी घ्यायची. मित्राचं शेवटी, त्याला खरं काय ते सांग आणि दर महिन्याला शंभर-दोनशे का होईना पण चुकवू नकोस.

प्रोप्रायटर म्हणून धंदा होता ना, मग दुकान आणि तू कायद्याला एकच. दुकान बंद झालं म्हणून देणं बंद होत नाही. आणि जीएसटी नंबर रद्द करून घे, तो चालू ठेवलास तर रिटर्न भरले नाहीत म्हणून लेट फी चढत राहते, रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्नही भरावं लागतं. हे लोक हमखास विसरतात.

आता समज उद्या दावा लागलाच. समन्स घेऊन माझ्यासारखाच कुणीतरी येईल. दार उघड, सही कर, घे. दार न उघडून काही वाचत नाही, दाराला चिकटवतात, तसा रिपोर्ट कोर्टात जातो आणि समन्स बजावलं असं धरलं जातं. मग तू गैरहजर, एकतर्फी निकाल, आणि तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज करायचा, ती वेगळी धावपळ. कागदावर ऑर्डर ३७ किंवा समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, असं दिसलं तर अजून घाई, तिथे १० दिवसांत हजर झाल्याचं नोंदवावं लागतं. उलट वेळेत हजर राहिलास तर निकालाच्या वेळीच हप्ते पाडून द्या असं न्यायाधीशांना मागता येतं. निकाल लागल्यावर मात्र हप्त्यांसाठी समोरच्याची संमती लागते, म्हणून आधीच मागायचं.

आणि प्रत्यक्ष जप्ती कशी असते ते सांगतो म्हणजे रात्री झोप लागेल. बेलीफ सूर्यास्तानंतर ते सूर्योदयाआधी घरात शिरू शकत नाही. सोबत दरखास्तदाराचा, म्हणजे पैसे वसूल करणाऱ्याचा, माणूस आणि पंच असतात. तो वॉरंट दाखवतो, रक्कम वाचून दाखवतो, भरता का विचारतो, नाही म्हटलं तर दिसतील त्या वस्तूंची यादी करतो, कंपनी, मॉडेल, अंदाजे किंमत, खाली पंचांच्या सह्या. अंगावरचे रोजचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बायकोचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, हिशोबाच्या वह्या हे दिवाणी संहितेच्या कलम ६० ने वाचतं. पीएफ, पीपीएफ वाचतो, आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसेही वाचतात. फ्रिज-टीव्ही यादीत येऊ शकतात, खोटं कशाला सांगू. पण ते आईच्या नावावर, तिच्या पैशाने घेतलेले असतील तर बिल शोधून ठेव. त्या वेळी बेलीफाशी भांडायचं नाही, बिल दाखवायचं, यादीत तशी नोंद करायला सांगायचं आणि आईने कोर्टात हरकत अर्ज द्यायचा, निर्णय कोर्ट करतं. अंगावर धावून गेलास तर सरकारी कामात अडथळा, मग पोलीस बंदोबस्त घेऊन परत येतात. मी तर म्हणेन पाणी विचार, खालच्या मानेने काम करणारा माणूस असतो तो, त्याचं तुझ्याशी काही वैर नसतं.

नोकरी लागली की पगारावर जप्ती येईल अशी भीती लिहिलीयस. येऊ शकते, पण पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग हात लावता येत नाही. २५००० पगार असेल तर १७००० सुरक्षित, जास्तीत जास्त ८००० जातील. आणि एकाच डिक्रीसाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या डिक्रीपुरती ती कायमची थांबते. हे एचआरलाही बहुतेक वेळा माहीत नसतं. आणि तुरुंगाचं म्हणशील तर हातात खरंच काही नाही म्हणून पैशाच्या डिक्रीत आत टाकत नाहीत, ऐपत असून लबाडीने देत नाही असं दिसावं लागतं, सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस केसमध्ये ते स्पष्ट केलंय.

म्हणूनच गावाकडची जमीन बहिणीच्या नावावर करून टाकू का हे जे तू शेवटी हळूच विचारलंयस त्याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवायला केलेली नावाची बदली कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग हाच तो लबाड असा शिक्का बसतो जो आत्ता तुझ्यावर नाहीये. एक कर्ज फेडायला मोबाईल अॅपवरून दुसरं तर घेऊच नकोस, त्यातून बाहेर काढलेली पोरं बघितलीत मी, कॉन्टॅक्ट लिस्ट हातात जाते त्यांच्या.

तडजोड करशील तेव्हा एवढं पाळ. बँकेशी एकरकमी ठरलं तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र येईपर्यंत एक रुपया भरायचा नाही, एजंटच्या हातात रोख तर कधीच नाही. सिबिलला सेटल्ड असा शेरा येईल, पुढची काही वर्षं कर्ज मिळायला त्रास होईल, ते आत्ता परवडतं तुला. आणि डिक्री झाल्यानंतर समोरच्याला कोर्टाबाहेर पैसे दिलेस तर ते ३० दिवसांत कोर्टात नोंदवून घ्यायचे. मी एका माणसाकडे जप्तीला गेलो होतो, बिचाऱ्याने निम्म्याहून जास्त रक्कम देऊन झाली होती, वहीत समोरच्याच्या सह्या होत्या, पण कोर्टात नोंद नाही म्हणून वॉरंट पूर्ण रकमेचं, आणि वॉरंटवर आकडा असतो तोच मला वसूल करायचा असतो. तो वही पुढे करून दाखवत होता. मी काय करणार, रिपोर्टात लिहिलं फक्त.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलास तर फुकट वकील मिळतो, बाईमाणसाला तर उत्पन्न न बघता, म्हणजे आईच्या हरकत अर्जाला नक्की. १५१०० वर फोन करून विचार. दाव्याआधीही लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, मटेरियलवाला आणि पतसंस्था दोघांसाठी मी तोच रस्ता बघेन.

आज एवढंच कर, सगळी पाकिटं फोड, आलेली तारीख पाकिटावरच पेनाने लिही, पाकीट फेकू नकोस कारण पोस्टाचा शिक्का त्यावर असतो. आणि त्या मटेरियलवाल्याच्या वकिलाची नोटीस नेमकी कुठल्या तारखेला हातात पडली ते मला लगेच कळव, १५ दिवसांतले किती उरलेत त्यावर बाकी सगळं ठरवू.

काका