घरातील टाकाऊ वस्तूंचा कल्पक आणि काटकसरीचा पुनर्वापर कसा करता येईल?

शहरातील दोन खोल्यांच्या घरात, जवळपास काहीही खर्च न करता, घरातल्या कचऱ्याचा पुनर्वापर कसा करावा आणि सगळीकडे सांगितल्या जाणाऱ्या युक्त्यांपैकी कोणत्या खरोखर उपयोगी पडतात, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात राहते आणि आमच्या घरी यातील बरेचसे उद्योग सासूबाईंच्या काळापासून चालत आलेले आहेत, त्यामुळे जे नित्य वापरात आहे तेवढेच येथे लिहीत आहे.

कोणतीही युक्ती मी एकाच कसोटीवर घासून पाहते: ती केल्याने एखादी विकतची वस्तू आणणे टळते का? काचेच्या बाटलीला रंग, चमकी आणि डिंक लावून केलेली फुलदाणी या कसोटीला उतरत नाही, कारण रंगाला आणि डिंकाला पैसे पडतात, फुलदाणीची आपल्याला गरज नसते आणि वर्षभरात ती धूळ खात कोपऱ्यात पडते. शिवाय रंग-चमकीने माखलेली वस्तू भंगारवालाही घेत नाही. साधी धुतलेली बाटली मात्र तो आनंदाने नेतो. म्हणजे कल्पकतेच्या नावाखाली आपण एका विकाऊ वस्तूचा खराखुरा कचरा केलेला असतो.

या कसोटीवर सर्वांत वर येते ती गोधडी. जुन्या सुती साड्या घरात असतील तर दुसरे काहीही करण्याआधी गोधडीचा विचार करावा. साधारण साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. ती मधोमध दुमडली की पावणेतीन मीटर लांबीचे दोन थर मिळतात, ते एका माणसाच्या पांघरुणाला पुरून उरतात. बाहेरच्या बाजूला कमी विरलेली, मऊ साडी घ्यावी आणि दोन थरांच्या मध्ये विरलेले धोतर, फाटकी चादर, जुने परकर असे जुनेर पसरावे. फाटलेला भाग आत लपतो आणि ऊबही तोच देतो. आतले कापड शक्यतो सुतीच असावे, कारण नायलॉन किंवा पॉलिस्टर आतल्या आत सरकते, गोळा होते आणि घामही टिपत नाही.

शिवण्याची पद्धत सोपी असली तरी क्रम महत्त्वाचा आहे. सगळे थर फरशीवर पसरून चारही कोपऱ्यांवर जड डबे ठेवावेत, सुरकुत्या हाताने बाहेरच्या दिशेला काढाव्यात आणि मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना धरून ठेवावेत. त्यानंतर जाड दोऱ्याने कडेपासून धावदोरा घालत, बोटा-दोन बोटांच्या अंतराने ओळीमागून ओळ आत सरकावे. कच्चे टाके न घालता घाई केली तर आतले जुनेर एका बाजूला गोळा होते आणि मध्यभागी फुगा येतो. साडीचे काठ शाबूत असतील तर ते कापून चारही कडांना लावावेत, कारण गोधडी आधी कडेलाच झिजते. हे काम दुपारच्या रिकाम्या वेळात महिना-दोन महिने चालते. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांच्यासाठी मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आजही अनेक गावांत आहेत. तान्ह्या बाळासाठी दुपटे शिवायचे असेल तर मलमलीची साडी किंवा धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर यांच्याइतके चांगले कापड दुकानातही मिळत नाही.

गोधडीला न चालणाऱ्या कपड्यांचे म्हणाल, तर जुने बनियन पुसायच्या फडक्यांसाठी उत्तम, जीनपँटच्या पायांच्या भाजीच्या पिशव्या होतात, आणि जरीच्या साड्या किंवा बऱ्या स्थितीतल्या पँटी बोहारणीला द्याव्यात. ती घासाघीस करते, एका पातेल्यासाठी चार कपडे जास्तीचे मागते, हे खरे. पण ती ते कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकते, आणि कपडा कपडा म्हणूनच वापरला जातो, ही माझ्या मते पुनर्वापराची सर्वांत सरळ रीत आहे.

स्वयंपाकघरात कचरा होण्याआधीच बरेच काही वाचवता येते आणि मराठी घरांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, शिळ्या पोळीचा कुस्करा, फणसाच्या आठळ्यांची भाजी हे सगळे आपल्याला ठाऊक असेलच. चिंचेचा कोळ काढल्यावर उरलेला चोथा मात्र बहुतेक जण टाकून देतात. तो चिमूटभर मिठासह तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चोळावा. चिंचेतील आम्लामुळे काळपट थर सुटतो आणि देवाच्या उपकरण्यांसाठी वेगळी पावडर आणावी लागत नाही. पुदिन्याची पाने खुडल्यावर उरलेल्या काड्या पाण्यात ठेवल्या की थोड्याच दिवसांत त्यांना मुळे फुटतात, आणि गवती चहाचा मुळासकट आणलेला एक कोंब कुंडीत रुजला की पुढे त्याचे वाढणे आवरावे लागते.

यानंतरही उरलेल्या ओल्या कचऱ्याचे खत करावे. त्यासाठी महागडे संच घेण्याचे काहीही कारण नाही. घराला रंग दिल्यानंतर उरलेली वीस लिटरची झाकणाची बादली स्वच्छ धुऊन तिच्या तळाला आणि बाजूंना तापवलेल्या खिळ्याने भोके पाडावीत, तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यावा आणि बादली एका ताटलीत विटांच्या तुकड्यांवर ठेवावी. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा आणि जितका ओला कचरा टाकला, निदान तितकाच सुका पालापाचोळा चुरून त्यावर पसरावा. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली हलवावे. सुरुवातीला मूठभर जुने खत, थोडे शेण किंवा आंबट ताकाचा शिपका दिला तर काम लवकर सुरू होते.

बहुतेकांचा प्रयोग दुर्गंधीमुळे बंद पडतो, म्हणून त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नत्र हे दोन्ही लागतात, आणि त्यांचे प्रमाण ढोबळमानाने तीसास एक असेल तर काम उत्तम चालते. भाजीच्या देठांत आणि खरकट्यात नत्र व पाणी जास्त असते, तर वाळक्या पानांत कार्बन जास्त असतो. पाने कमी पडली की ढीग ओलसर होऊन दाबला जातो, आत हवा पोहोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात; वास त्यांचा असतो. अशा वेळी फवारे मारण्याऐवजी दोन मुठी कोरडा पाला किंवा पुठ्ठ्याचे कपटे घालून ढीग मोकळा करावा, दोन-तीन दिवसांत वास जातो. मूठभर मिश्रण हातात दाबून पाहावे: बोटांमधून पाणी ठिबकले तर ते फार ओले आहे, आणि दाबल्यावर गोळाच होत नसेल तर फार कोरडे आहे. अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या कचरा खाण्याचेच काम करत असतात. पाल्याचा थर जाड ठेवला की त्या वर येत नाहीत.

पाला विकत घेऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातील झाडे एवढी पाने गाळतात की ती जाळली जातात. तेव्हाच दोन-तीन गोण्या भरून ठेवल्या की पावसाळाही निभावतो. बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी आणि पहिली दीड-दोन महिने मुरू द्यावी. तयार खताला पावसाळ्यातील मातीसारखा वास येतो, ते चाळणीतून घ्यावे आणि चाळणीवर उरलेले पुढच्या बादलीत विरजण म्हणून टाकावे. अंड्यांची टरफले कुंडीत तशीच टाकण्याची पद्धत आहे, पण ती फार सावकाश विरघळतात, म्हणून वाळवून कुटूनच घालावीत. गाळलेली चहापत्ती धुऊन घालावी, नाहीतर साखरेवर मुंग्या येतात. हे खत निम्म्या मातीत मिसळून तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत, सिमेंटच्या गोण्यांत काहीही लावता येते. डालड्याच्या डब्यातली तुळस आपल्या पिढ्यांनी पाहिलेलीच आहे, कुंडी विकत घेणे ही अलीकडची चैन आहे.

सुक्या कचऱ्यात स्वतः फार हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकणाच्या बरण्या मसाल्यांना ठेवाव्यात (लेबल कॉफीचे आणि आत मेतकूट, हे आपल्या घरांत चालतेच), बाकी रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा कोरडा आणि वेगळा ठेवून रद्दीवाल्याला किंवा कचरावेचक ताईंना द्यावा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते, आणि त्यातूनच पुढे आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सदस्य दारोदार कचरा गोळा करतात; सुका माल विकून येणारे पैसे ही त्यांच्या कमाईची मोठी बाजू आहे. खरकट्याने माखलेल्या पुठ्ठ्याला त्यांना काहीच मिळत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडून वेगळा करू नये, कारण ते इवलेसे तुकडे कोणाच्याच हाती लागत नाहीत आणि गटारात जातात. चीर देऊन कोपरा पिशवीलाच राहू द्यावा, पिशवी धुऊन वाळवावी आणि साठवून द्यावी.

काही युक्त्या मात्र टाळाव्यात. तळलेले पदार्थ वर्तमानपत्रावर काढू नयेत, शाईतील घातक द्रव्ये तेलाबरोबर पोटात जातात. बंबात लाकडांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या जाळू नयेत, त्या धुरातील विषारी वायू प्रथम आपल्याच घरात शिरतात. वापरलेल्या तेलाचा साबण करता येतो, पण त्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजून काढतो आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला खातो. लहान मुले असलेल्या दोन खोल्यांच्या घरात मी तो करण्याचा सल्ला देणार नाही. तळण बेताचे करून उरलेले तेल एक-दोन दिवसांत फोडणीत संपवणे बरे. संपलेले सेल, फुटलेले दिवे आणि मुदत उलटलेली औषधे यांचा कोणताही पुनर्वापर नाही. ती एका वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि घातक कचरा म्हणून सांगूनच द्यावीत.