हिपॅटायटिस बी ची गोळी कायमची घ्यावी लागते का?

बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते, कारण टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर या गोळ्या व्हायरसची वाढ दाबून ठेवतात पण त्याचा डीएनए लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात दडून बसलेला असतो तो काही जात नाही. म्हणून रिपोर्ट छान आला की स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, व्हायरस उसळून लिव्हर फेलपण होऊ शकतं. आणि पॉझिटिव्ह निघालं म्हणजे लगेच गोळी असंही नाही हां, व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे), एसजीपीटी (लिव्हरला सूज आहे का ते सांगणारी रक्ताची टेस्ट), फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते दाखवणारं स्कॅन) बघून डॉक्टर ठरवतात. हिपॅटायटिस सी वेगळा, तो सोफोसबुविर असलेल्या गोळ्यांच्या कोर्सने साधारण १२ आठवड्यांत बरा होतो, लोक दोन्हीत गल्लत करतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात औषधं फुकट मिळतात, सिव्हिलमध्ये विचारा. काविळीचं झाडपाल्याचं औषध मात्र नकोच, आणि घरच्यांची टेस्ट करून लस देऊन घ्या.