धबधब्यावरून नजर हटवली की शेजारचा खडक वर का सरकतो?

तुम्ही विचारलंय, दूधसागर बराच वेळ पाहून बाजूला बघितलं तर खडक वर चढताना दिसला, डोळ्यांत दोष आहे का? नाही. सगळ्यांना दिसतं, फक्त फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

१८३४ साली रॉबर्ट ॲडम्स या गृहस्थांना स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी नेमकं हेच दिसलं. त्यांना वाटलं, पाण्यामागे डोळे नकळत खाली सरकत राहतात म्हणून असं होतं. पण मग फिरणाऱ्या सर्पिल चकतीचं काय? ती थोडा वेळ बघून थांबवली की नक्षी एकाच वेळी चहूबाजूंना फुगताना किंवा आक्रसताना दिसते. डोळा एका वेळी सगळीकडे कसा सरकेल?

खरी भानगड चेतापेशींची आहे. काही पेशी खाली जाणाऱ्या हालचालीला जोरात प्रतिसाद देतात, काही वर जाणाऱ्या. समोर काही हलत नसतानाही त्या थोड्याफार चालू असतातच. दोन्हींची रस्सीखेच बरोबरीत असली की मेंदू म्हणतो, स्थिर आहे. अर्धा मिनिट पडतं पाणी पाहिलं की 'खाली'वाल्या पेशी मंदावतात. बार्लो आणि हिल या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलातल्या पेशींत हे मोजलं होतं: हालचाल थांबली की त्या पेशी नेहमीच्या पातळीच्याही खाली जातात. तेवढा वेळ दोर 'वर'वाल्यांकडे जातो.

माणसात हे मुख्यतः डोळ्यामागे, मेंदूत घडतं. स्वतः करून बघा. उजवा डोळा झाकून डाव्याने पाणी बघा, मग डावा झाकून उजव्याने खडक बघा. जरा फिकं, पण दिसेल. पाणी न पाहिलेल्या डोळ्यालाही दिसतं, म्हणजे भानगड एकट्या डोळ्यातली नाही. मला मात्र सगळ्यात आवडतं ते हे, की खडक सरकतो पण कुठेही पोचत नाही! हालचाल आणि जागा यांचा हिशेब मेंदू वेगवेगळा ठेवतो, आणि इथे दोन्ही वह्या जुळत नाहीत.

मी सावर्ड्याला शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या ऑक्टोबरात भाचीला घेऊन कुळ्याहून जीपने गेलो होतो. एका हाताने चिप्सचं पाकीट माकडांपासून वाचवत ती ओरडली, "मामा, दगड चढतोय!" आमचा जीपवाला हसला. वीस वर्षं पर्यटक आणतोय, त्याला असलं काही कधी दिसलं नव्हतं. तिने त्याला पाण्यातला एक ठिपका धरून तीसपर्यंत मोजायला लावलं आणि मग खडकाकडे बोट दाखवलं. "व्हय गो, फातर वयर चडटा!"

आम्ही लाइफ जॅकेटं परत करून आलो, तर हा दुसऱ्या दोन जीपवाल्यांना शेजारी उभं करून आकडे मोजवत होता.