हेडर बदलला की दर वेळी ‘मेक क्लीन’ करावंच लागतं का?

नाही. करावं लागत असेल तर तुमची मेकफाईल, म्हणजे कोणती फाईल कशावरून बनवायची हे ‘मेक’ या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामला सांगणारी फाईल, अर्धवट आहे.

तुम्ही लिहिलंय की सी प्रोजेक्टमध्ये एखादा हेडर (अनेक .सी फाईल्स मिळून वापरतात ती व्याख्यांची फाईल) बदलल्यावर नुसतं ‘मेक’ दिलं तर प्रोग्राम कधी जुन्यासारखाच वागतो, कधी भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो. म्हणून टीममधले सगळेच आधी क्लीन करतात, म्हणजे आधी बनलेल्या फाईल्स पुसतात, आणि पूर्ण बिल्ड होईपर्यंत बसून राहतात. ही सवय बऱ्याच टीममध्ये दिसते, आणि मला ती मनापासून खटकते, कारण ती मूळ दोष झाकून ठेवते.

मेकला सी भाषा कळत नाही. नियमात डावीकडे लिहिलेली फाईल उजवीकडच्या एखाद्या फाईलपेक्षा जुनी आहे का, एवढंच तो डिस्कवरच्या वेळेवरून बघतो. जुनी असेल तर खालची कमांड चालवतो. तुमच्या नियमात मेन.ओ (मेन.सी कंपाईल होऊन बनणारी फाईल) फक्त मेन.सी वर अवलंबून असेल, तर मेन.सी च्या आत इन्क्लूड केलेला हेडर मेकच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आता क्रॅशचं कारण. समजा हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या फील्डच्या गटात) तुम्ही मधेच एक नवं फील्ड घातलं आणि सोबत एकच .सी फाईल बदलली. ती फाईल नव्या मांडणीने कंपाईल झाली, बाकीच्या .ओ फाईल्स जुन्या मांडणीच्याच राहिल्या. लिंकर, म्हणजे .ओ फाईल्स जोडून प्रोग्राम बनवणारा, दोन्ही बिनतक्रार जोडतो, कारण फंक्शनची नावं जुळतात. स्ट्रक्टचा आकार तो तपासत नाही. मग एक फंक्शन जुन्या आकाराएवढी मेमरी घेतं आणि दुसरं नव्या आकाराने तिच्यात लिहितं. असा बग डीबगरमध्ये शोधत बसलात तर दिवस जाईल, कारण कोडमध्ये चूक नसतेच.

मेकचा जन्म नेमका अशाच त्रासातून झाला. 1976 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एक बग शोधण्यात गेली होती. बग आधीच दुरुस्त झाला होता, फक्त ती फाईल पुन्हा कंपाईल झालेली नव्हती.

उपाय सोपा आहे. कोणती .सी फाईल कोणते हेडर वाचते हे कंपाइलरला माहीत असतं, त्यामुळे यादी त्यालाच बनवू द्या. सीफ्लॅग्जमध्ये (मेकफाईलमधल्या कंपाइलरच्या पर्यायांच्या ओळीत) -एमएमडी आणि -एमपी हे दोन पर्याय घाला. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपाइलर मग प्रत्येक .ओ सोबत एक .डी फाईल लिहितात, आणि तिच्यात मेकच्याच भाषेत हेडरची यादी असते. मेकफाईलच्या शेवटी ‘-इन्क्लूड’ देऊन या .डी फाईल्स आत ओढा. त्या शब्दाआधीचा डॅश विसरू नका. पहिल्या बिल्डच्या वेळी .डी फाईल्स नसतात, तेव्हा त्या डॅशमुळेच मेक अडून बसत नाही. -एमपी हवा, कारण पुढे एखादा हेडर डिलीट केलात तर त्याच्याशिवाय ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून बिल्ड थांबेल. हे सगळं घातल्यावर मात्र एकदा क्लीन करून पूर्ण बिल्ड कराच, म्हणजे सगळ्या .डी फाईल्स तयार होतील.

मग एखाद्या हेडरला ‘टच’ करा, म्हणजे मजकूर न बदलता त्याची वेळ ताजी करा, आणि ‘मेक -एन’ द्या. कमांड चालत नाहीत, फक्त छापल्या जातात. तो हेडर वाचणाऱ्या फाईल्सच त्यात दिसल्या की जमलं. ग्नू मेक या मेकच्या प्रचलित रूपात 4.0 पासून ‘--ट्रेस’ही आहे. कोणती फाईल कशामुळे पुन्हा बनवली हे तो सांगतो. मॅकसोबत येणारा मेक 3.81 आहे, तिथे हा पर्याय मिळणार नाही.

याचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे ‘-जे’. अवलंबित्व खरं लिहिलेलं असेल तर ‘मेक -जे8’ देऊन आठ कामं एकाच वेळी बिनधास्त चालवता येतात. ते अर्धवट असेल तर एरवी केवळ ओळींच्या क्रमामुळे चालणारी बिल्ड इथे कधीमधी फुटते. लोक ‘-जे’ला दोष देऊन तो काढून टाकतात. तसं करू नका, नियमात काय राहिलंय ते शोधा.

क्लीनची खरी गरज उरते ती कंपाइलर बदलला किंवा त्याचे फ्लॅग (त्याला दिलेले पर्याय) बदलले तर, कारण मेक फ्लॅग लक्षात ठेवत नाही. फ्लॅग मेकफाईलमध्येच लिहिलेले असतील तर सगळ्या .ओ फाईल्स मेकफाईलवरही अवलंबून ठेवा. ही ओळ मुख्य टार्गेटच्या (शेवटी जे बनवायचं त्याच्या नियमाच्या) खाली लिहा, नाहीतर नुसत्या ‘मेक’ला तीच पहिलं टार्गेट ठरेल.

‘मिसिंग सेपरेटर’ या एररबद्दलही विचारलंय. कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, आणि तुमचा एडिटर तिथे स्पेस घालतोय. मेकफाईलपुरतं ते सेटिंग बंद करा.