वाऱ्यातली ड्रोन फवारणी : दोन प्रश्न

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे दहा लिटरचा ड्रोन आहे. सोयाबीनवर फवारताना दुपारी तो हेलकावे खातो, मधले पट्टे सुटतात, बॅटरीही लवकर उतरते. कागदावर तर सेकंदाला आठ मीटर वाऱ्यात चालतो असे छापले आहे. (ड्रोन दीदी, पाटण तालुका)

ताई, तो आकडा ड्रोन हवेत टिकण्याचा आहे, फवारणीचा नाही. आठ मीटर म्हणजे ताशी जवळपास २९ किलोमीटर. तेवढ्या वाऱ्यात ड्रोन जागा धरेल, पण औषध शेजारच्या रानात जाईल. माझे म्हणाल तर ताशी १० किलोमीटरपर्यंत खुशाल फवारा, १५ च्या पुढे ड्रोन खाली उतरवा. मधल्या वाऱ्यात काम अडलेच असेल तरच, आणि तेही वारा वाहत जातो त्या अंगाला कुणाचे पीक, गोठा किंवा विहीर नसेल तर.

वारा मोजायचे हातातले यंत्र गटाने घ्यावेच. तोवर पिकाकडे बघा. तोंडाला वारा जाणवतो, पाने सळसळतात, इथवर ठीक. पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलू लागल्या की आवरते घ्या. धूळ उडाली तर विषयच संपला. तुमच्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. गावात शांत वाटले तरी वरच्या वावरात वारा निराळा असतो, म्हणून अंदाज ज्या रानात फवारायचे तिथेच घ्या. श्रावणात तर सकाळचे दोन-तीन तास हाताशी लागतात, दुपार सोडूनच द्या.

आता हेलकाव्यांचे. वारा आला की ड्रोन जागा सोडू नये म्हणून वाऱ्याकडे कलतो आणि मोटारींना जादा जोर लावतो. बॅटरी तिथे खर्च होते. टाकी गच्च भरलेली असली तर मोटारींकडे राखीव जोर उरत नाही आणि झोत आला की सावरायला उशीर होतो. वाऱ्याच्या दिवशी सात लिटरच भरा. अर्धवट टाकीत पाणी हिंदकळते हे खरे, पण आत आडव्या पट्ट्या असतील तर फारसे जाणवत नाही. वेग कमी ठेवा, सेकंदाला तीन मीटरच्या आसपास. जोरात पळवला की पंख्यांचा खाली येणारा झोत मागे कलतो, आणि थेंब पिकात दाबून बसवण्याचे काम तोच झोत करतो. उंची पिकाच्या शेंड्यापासून दोन मीटर. वर न्याल तितका वारा जास्त लागेल.

उडवण्याआधी प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवा. खाच लागली तर पाते बदला, चिकटपट्टीचे उपाय नकोत. खाचेमुळे थरथर होते, ती सेन्सरला पोचते आणि शांत हवेतही ड्रोन डळमळतो. ड्रोनच्या दुमडत्या हातांचे लॉक हलवून बघा. कंपासचे कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या सेन्सरची जुळणी, ट्रॅक्टरजवळ किंवा विजेच्या खांबाखाली करू नका.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ‘रिटर्न टू होम’ची उंची बघा. संपत आलेल्या बॅटरीवर ड्रोन आपोआप परत फिरतो तेव्हा आधी तेवढा वर चढतो, आणि तिथे वारा खालच्यापेक्षा जास्त असतो. आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा आणि तारांपेक्षा पाचेक मीटर जास्त पुरे. उतरण्याची जागा अशी निवडा की भरला ड्रोन वाऱ्याच्या विरुद्ध जाईल आणि रिकामा वाऱ्याबरोबर परत येईल.

प्रश्न : माझ्या उसाला लागून शेजाऱ्याची द्राक्षबाग आहे. उसातले तणनाशक ड्रोनने मारू का? (तासगाव तालुका)

तणनाशक टू-फोर-डी असेल तर मुळीच नाही, वारा कितीही कमी असो. द्राक्षवेल या औषधाला फार नाजूक. थोडा अंश पोचला तरी कोवळी पाने पंख्यासारखी आकसतात, शिरा एकमेकींजवळ येतात, आणि मग बांधावर जे बोलणे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. तणनाशक पाठीवरच्या पंपाने, नोझलला हूड (फवारा आडवणारी टोपी) लावून, वारा बागेकडून उसाकडे वाहत असतानाच मारा.

कीडनाशक किंवा बुरशीनाशक ड्रोनने मारायला हरकत नाही, पण तेही वारा बागेकडून येत असतानाच. ओळी वाऱ्याला आडव्या घ्या. सुरुवात बागेपासून लांबच्या कडेने करा आणि वाऱ्याच्या विरुद्ध सरकत या, म्हणजे ड्रोन स्वतःच उडवलेल्या फवाऱ्यातून जाणार नाही. नोझल मोठ्या थेंबाचे लावा. पहाटे अजिबात वारा नसतो तेव्हाही घाई नको. चुलीचा धूर वर न जाता जमिनीलगत पसरून राहिला असेल तर बारीक थेंबही तसेच तरंगतात आणि कुठेही जाऊन बसतात. ऊन वर येऊन धूर सरळ उठू लागला की सुरू करा. बागेलगतच्या चार-पाच सऱ्या मात्र ड्रोनला देऊच नका, तिथे पंपच चालवा.