चांदीचे चार्म्स: डाखाचा गोळा, फुटलेलं बेलपान आणि गुलाबी झालेली चांदी

मागच्या अंकात कोल्हापुरी साजातल्या पानांवरून, म्हणजे मासा, कासव, चंद्र, कारलं, बेलपान या आकारांवरून, ब्रेसलेटला लावायचे चांदीचे चार्म घरी कसे करायचे ते लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय, आगीपाशी. (डाख म्हणजे चांदीचे दोन तुकडे जोडायला वितळवतात तो धातू, नवीन वाचकांसाठी सांगून ठेवते.)

ताई, बेलपान छान कापलं गेलं पण वरची कडी काही केल्या चिकटत नाही. डाखाचा गोळा होऊन बाजूला पळतो, आणि जास्त वेळ ज्योत धरली तर कडीच वितळली! दोन कड्या गेल्या. – एक वाचक, सांगली

दोनच गेल्या? माझ्या पहिल्या महिन्यात किती गेल्या ते मोजायचंच मी सोडून दिलं होतं. तुम्ही ज्योत डाखावर धरताय, तिथेच चुकतंय. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही, त्यामुळे एका कोपऱ्यात आग दिली की ती लगेच सगळ्या पानभर पसरते आणि जोड थंडच राहतो, डाख मात्र बिचारा इवलासा म्हणून आधी वितळतो, आणि त्याला धरायला गरम जागा नसली की गोळा होऊन बसतो. डाख नेहमी जिकडे जास्त गरम तिकडे धावतो, हे एवढं डोक्यात ठेवा. आधी पानाभोवती ज्योत गोल गोल फिरवा, कडीकडे बघूसुद्धा नका, ती बारीक तार आहे, पान तापलं की आपोआप तापते. जोडाला लावलेला टाकणखार (बोरॅक्स) आधी फुगून पांढरा होईल, मग बसेल, मग काचेसारखा चकाकेल, तेव्हा ज्योत जोडाकडे आणायची. डाख चमकून एका झटक्यात रेषेत पळाला की लगेच ज्योत बाजूला. ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग चांदी) ९०० अंशाच्या आतच पाणी होते आणि कडक डाख, म्हणजे जास्त तापमानाला वितळणारा, साडेसातशेच्या आसपास पळतो, म्हणजे मधे जागा फार नाहीये.

अजून एक, कडीचं तोंड आणि पानाची कड कानशीने सपाट घासून एकमेकांना अगदी भिडवा, उजेडाकडे धरल्यावर मधून उजेड दिसला तर परत घासा. डाख म्हणजे पुट्टी नाही, फट भरत नाही तो. आणि डाख घेताना कॅडमियम नसलेलाच मागा, त्याचा धूर फुफ्फुसांना फार वाईट. खिडकी उघडी हवीच.

पानाच्या शिरा उठवताना कडेला चीर गेली. पत्रा खराब निघाला का? – कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक

पत्र्याला कशाला दोष देतेस, तू न भाजता ठोकत बसलीस! चांदी ठोकली की कडक होत जाते. हातोडीचा आवाज बदबद वरून टणटण झाला की थांबायचं आणि भाजायचं. खोलीत अंधार कर, पत्र्यावर मार्करने एक रेघ ओढ, ज्योत फिरव, रेघ उडाली आणि पत्रा मंद लालसर दिसला की बास. लाली गेली की पाण्यात टाक. परत मऊ. एका बेलपानाला मी तीनदा तरी भाजते. गेलेली चीर मात्र सांधत बसू नकोस, तेवढा भाग कापून टाक, पान जरा बुटकं होईल एवढंच.

डाख देऊन सफाईच्या आम्लात टाकलं तर चांदी चक्क गुलाबी झाली! दुकानदाराने फसवलं का? – एक वाचक, ठाणे

नाही हो. ९२५ म्हणजे हजारात ७५ भाग दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबंच. तापल्यावर वरचं तांबं काळं पडतं आणि आम्ल ते खाऊन टाकतं, म्हणजे आम्लात तांबं विरघळलेलं असतंच. त्यात तुम्ही लोखंडी चिमटा बुडवलात ना? लोखंड शिरलं की तेच तांबं परत चांदीवर येऊन बसतं. तांब्याचा, प्लास्टिकचा किंवा लाकडी चिमटा वापरा. गुलाबी थर पातळ असतो, बारीक पॉलिश पेपरने निघतो. चिमटा काढून घेतला की तेच आम्ल पुढे चालतं, ओतून देऊ नका.

आजीच्या मोडक्या साजाची दोन पानं आहेत, चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली. कडी झाळून (डाख देऊन) ब्रेसलेटला लावू का? – एक वाचक, इंदूर

थांबा थांबा, ज्योत लांब ठेवा! जुन्या साजाची पानं बहुतेक पातळ पत्र्याची, आतून लाख भरलेली असतात. आग लागली की लाख उकळून फुगते, पान फुटतं, आणि सोन्याचं पाणीही जातं. पान वजनाच्या मानाने जाड वाटत असेल तर आत लाख आहे असंच धरा. ओवायची भोकं असतीलच, त्यातून बारीक चांदीची तार घालून दोन वेढे द्या आणि टोक आत दाबा. झाळायचं काहीच नाही.

कोरीव रेघा काळ्या कशा करू? केमिकल नकोय. – एक वाचक, पणजी

अंडं उकडा, गरम असतानाच ठेचा आणि चार्मसोबत झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. बलकातल्या गंधकाने चांदी काळवंडते, मधे मधे बघत राहा. मग वरचा भाग पुसा, रेघांत काळं राहतं. पिशवी उघडताना नाक धरा, घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि नंतर हा चार्म चांदी उजळायच्या सोडा-फॉइलच्या गरम पाण्यात घालू नका बरं का, सगळी मेहनत दोन मिनिटांत पांढरी होईल. माझी झालीय.

दीड सेंटिमीटरच्या गोल चार्मला चांदी किती लागते? आणि ९२५ चा शिक्का मी मारू शकते का? – एक वाचक, सातारा

०.८ मिमीचा पत्रा असेल तर साधारण दीड ग्रॅम, कापताना जाणारी वेगळी, कण मात्र कागदावर जमवा. शिक्का स्वतः मारलात तरी तो हॉलमार्क होत नाही, त्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मान्यता असलेल्या केंद्रातून तपासणी लागते. गिऱ्हाइकाला तसं सरळ सांगा.