सेकंडहँड कार अलार्म घेतलाय, रिमोट दाबला तर काहीच होत नाही. गाडीत बसवायच्या आधी टेबलावर कसा तपासू?

१२ व्होल्टची बॅटरी घ्या, पॉझिटिव्ह वायरमध्ये २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब ओळीत जोडा आणि आधी फक्त कायम पॉझिटिव्ह (बॅटरीतून सतत करंट येणारी), अर्थ न् इग्निशन (चावी फिरवल्यावर पॉझिटिव्ह मिळणारी) एवढ्याच तीन वायरी लावून बघा, सायरन बाजूला ठेवा. बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही म्हणून बोर्ड वाचतंय. बल्ब विझलेलाच राहिला तर तो काढून ५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि मग सायरन जोडा. बेळगावात ऑटो वायरिंगचं काम करतोय, आमच्याकडं येणाऱ्या जुन्या सेटमध्ये निम्म्या वेळा डबा (अलार्मचं मुख्य युनिट) चांगलाच असतोय, गडबड रिमोटची असते.

बघायचं ते असं:
- रिमोटचा सेल नवा घाला, जुना सेल मीटरवर बरोबर दाखवतोय पण बटण दाबलं की बसतोय
- व्हॅले स्विच (अलार्म तात्पुरता बंद ठेवायचं बटण) ऑन राहिलाय का, तसं असेल तर लॉक-अनलॉक होईल पण अलार्म लागणार नाही
- रिमोट परत शिकवा, म्हणजे डब्याला त्याची ओळख करून द्या, बहुतेक सेटमध्ये इग्निशन ऑन करून व्हॅले बटण ठराविक वेळा दाबायचं असतंय
- डबा उघडून कनेक्टरच्या पिना बघा, खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या गाडीतला असेल तर हिरवा गंज हमखास

फक्त वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका हं, कंपनीगणिक रंग बदलतात, त्या मॉडेलचा डायग्राम मिळाल्याशिवाय पॉझिटिव्ह लावूच नका.